पैजेचे गणित : ऑनलाइन पोकरमधील निर्णय आणि त्यांची किंमत

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर हे गाव आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या या पश्चिम पट्ट्यात भात, नाचणी व वरई ही पिके घेतली जातात. त्याचबरोबर हिरडा हा येथील आदिवासी कुटुंबांच्या हाती रोख पैसा आणणारा महत्त्वाचा आधार आहे. कोवळा असताना उतरवून वाळविलेल्या बाळहिरड्याला चांगला भाव येतो. हिरड्याच्या जोडीने सह्याद्रीच्या या रानात बेहडाही वाढतो. त्रिफळा चूर्णामुळे बेहड्याचे नाव घरोघरी ठाऊक आहे. मात्र त्याची आणखी एक ओळख फार जुनी आहे. वैदिक काळात जुगाराचे फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत असत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात सर्वस्व गमावलेल्या जुगाऱ्याची व्यथा आली आहे, ती या फळांच्या फाशांनी ओढवलेली होती.

महाभारतातील नलोपाख्यानातही बेहड्याचे झाड येते. द्यूतात राज्य गमावून बसलेला नल राजा वेषांतर करून ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. प्रवासात ऋतुपर्ण एका बेहड्याकडे नुसते पाहून त्याची पाने व फळे किती असतील ते सांगतो. नल ती मोजून पाहतो आणि अंदाज खरा ठरतो. अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला फाशांचे रहस्य शिकवितो. पैज लावण्यापूर्वी संख्येचा अंदाज घेता आला पाहिजे, हा विचार या देशात किती जुना आहे, हे या कथेवरून दिसते.

आज फाशांची जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे. गेल्या दशकात पोकर, रमी यांसारखे पैशांचे खेळ ऑनलाइन स्वरूपात देशभर पसरले. 'हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे' असा त्यांचा प्रचार झाला. या दाव्यात तथ्य किती आणि फसगत किती, हे नुसत्या उपदेशाने उलगडत नाही. त्यासाठी खेळातील निर्णयांचे गणितच समजून घ्यावे लागते. शाळेतील मुलांच्या वा गावातील तरुणांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची वेळ ज्यांच्यावर येते, अशा शिक्षकांना व पंचायत सदस्यांना हे गणित विशेष उपयोगी आहे.

खेळाचे स्वरूप

ऑनलाइन जगात सर्वाधिक प्रसार झालेला पोकरचा प्रकार म्हणजे 'नो-लिमिट होल्डेम' होय. यात बावन्न पत्त्यांचा एक जोड वापरतात. प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात. त्यानंतर सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात : प्रथम तीन, मग एक आणि शेवटी एक. स्वतःची दोन व सामाईक पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानांची जुळणी श्रेष्ठ, तो मध्यावर जमलेली रक्कम घेतो. या रकमेला 'पॉट' म्हणतात. पाने उघडण्यापूर्वी व प्रत्येक टप्प्यानंतर, अशा चार वेळा पैजा लागतात. आपली पाळी आली की खेळाडूने पान टाकून डाव सोडावा, समोरची पैज मान्य करावी, किंवा ती वाढवावी.

'नो-लिमिट' या शब्दाचा अर्थ असा की पैजेच्या रकमेवर वरची मर्यादा नसते. खेळाडू कोणत्याही क्षणी समोरची सर्व रक्कम पणाला लावू शकतो. 'कॅश गेम' म्हणजे थेट रोख रकमेचा खेळ. स्पर्धेत एकदा प्रवेश शुल्क भरले की तोटा तेवढ्यापुरताच राहतो. रोखीच्या खेळात तसे नसते. हरल्यावर खात्यातून पुन्हा रक्कम आणून त्याच जागेवर बसता येते. तळहातावरच्या यंत्रात हे काम काही क्षणांत होते. खेळाचा धोका मुख्यतः या दोन गोष्टींत आहे : पैजेला मर्यादा नाही आणि उठण्याची ठरलेली वेळ नाही.

पैजेचा भाव

कुशल खेळाडू 'आपण जिंकू का?' असा प्रश्न विचारीत नाही. 'या किमतीत ही संधी घेण्याजोगी आहे का?' असा त्याचा प्रश्न असतो. बाजारात वस्तू घेताना जसा भाव पाहतात, तसाच पैजेचाही भाव काढता येतो. १६५४ मध्ये पास्कल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट राहिलेल्या डावाची रक्कम न्यायाने कशी वाटावी यावर पत्रव्यवहार केला आणि संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला. तेच तत्त्व येथे लागू पडते.

एक उदाहरण घेऊ. एका खेळाडूच्या हाती बदामची दोन पाने आहेत. सामाईक चार पाने उघडली असून त्यांतही दोन बदाम आहेत. शेवटचे पान बदाम आले तर त्याची पाच बदामांची जुळणी पूर्ण होईल व तो जिंकेल, अन्यथा हरेल असे मानू. त्याने स्वतःची दोन व सामाईक चार अशी सहा पाने पाहिली आहेत. न पाहिलेली पाने ४६ उरतात. तेरा बदामांपैकी चार दिसले, म्हणून नऊ शिल्लक आहेत. तेव्हा जिंकण्याची शक्यता ४६ पैकी ९, म्हणजे सुमारे १९.६ टक्के आहे.

आता पॉटमध्ये १०० रुपये आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने ५० रुपयांची पैज लावली. ती मान्य करण्यासाठी ५० रुपये घालावे लागतात आणि जिंकल्यास १५० रुपये मिळतात. एकूण २०० रुपयांत आपला वाटा ५० रुपयांचा, म्हणून हा सौदा बरोबरीत सुटण्यासाठी किमान २५ टक्के शक्यता हवी. प्रत्यक्षात ती १९.६ टक्केच आहे. असा निर्णय वारंवार घेतला तर दर खेपेस सरासरी सुमारे ११ रुपयांचा तोटा होतो. याउलट प्रतिस्पर्ध्याने २० रुपयांचीच पैज लावली असती, तर २० रुपयांवर १२० रुपये मिळण्याची संधी होती. तेथे सुमारे १४.३ टक्के शक्यता पुरेशी ठरते आणि दर खेपेस सरासरी सात रुपयांहून थोडा अधिक लाभ होतो. पैज पूर्ण १०० रुपयांची असेल तर सरासरी तोटा ४१ रुपयांवर जातो.

पाने तीच, शक्यता तीच. तरीही एका भावाला निर्णय बरोबर आणि दुसऱ्या भावाला चूक. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की निकालावरून निर्णयाची परीक्षा होत नाही. ५० रुपये घालून बदाम आले म्हणून चुकीचा निर्णय बरोबर ठरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अमर्याद पैजेच्या खेळात भाव ठरविण्याचा अधिकार पैज लावणाऱ्याकडे असतो. पैजेची रक्कम किती ठेवावी, हे या खेळातील खरे कौशल्य मानले जाते.

हूल आणि तिची किंमत

पैज केवळ चांगल्या पानांवरच लावली, तर प्रतिस्पर्धी दर वेळी डाव सोडून देईल आणि चांगल्या पानांचे मोल मिळणार नाही. म्हणून अधूनमधून हलक्या पानांवरही पैज लावून हूल द्यावी लागते. हुलीचेही गणित आहे. १०० रुपयांच्या पॉटवर ५० रुपयांची हूल दिली, तर १०० रुपये मिळविण्यासाठी ५० रुपये धोक्यात घातले जातात. प्रतिस्पर्ध्याने तीनपैकी किमान एकदा डाव सोडला तरच ती हूल अंगावर येत नाही. १०० रुपयांची हूल दोनपैकी एकदा यशस्वी व्हावी लागते आणि २०० रुपयांची तीनपैकी दोनदा.

समोरचा खेळाडूही अशीच आकडेमोड करीत असतो. शेवटच्या टप्प्यात निम्म्या पॉटएवढी पैज लावणारा खेळाडू चारपैकी एकदाच हूल देत असेल, तर प्रतिस्पर्ध्याने पैज मान्य केली काय किंवा डाव सोडला काय, त्याला काहीच फरक पडत नाही. पैज पूर्ण पॉटएवढी असेल तर हे प्रमाण तीनपैकी एक होते. पोकरमधील हुलीचे असे शास्त्रीय विवेचन जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळांच्या सिद्धान्तावरील ग्रंथात केले. पुढे अर्थशास्त्रातही या सिद्धान्ताला मोठे स्थान मिळाले. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे म्हणणे निराधार नाही, एवढे यावरून मान्य करावयास हवे.

मात्र ते कौशल्य किती दुर्लभ आहे, हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे 'लिब्रेटस' नावाच्या संगणक-कार्यक्रमाने चार निष्णात व्यावसायिक खेळाडूंना दोघांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये हरविले. वीस दिवसांत १ लाख २० हजार डाव खेळले गेले. या खेळात निर्णयाच्या निरनिराळ्या परिस्थिती एकावर सुमारे १६० शून्ये दिल्यावर होईल एवढ्या असतात, म्हणून त्यासाठी महासंगणकाचे बळ वापरावे लागले. २०१९ मध्ये 'प्ल्युरिबस' या कार्यक्रमाने सहा जणांच्या खेळातही व्यावसायिकांवर मात केली. आयुष्य याच खेळात घालविलेल्या माणसांची ही स्थिती आहे. मग रात्री जेवणानंतर पडद्यासमोर बसणाऱ्या तरुणाचे काय? समोरचा प्रतिस्पर्धी नवखा आहे, निष्णात आहे, दोघे संगनमताने खेळत आहेत, की माणसाच्या नावामागे यंत्रच खेळत आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

अड्ड्याची नाल

गावोगावच्या जुगाराच्या अड्ड्यावर अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो, त्याला नाल म्हणतात. ऑनलाइन पोकरमध्ये हाच हिस्सा 'रेक' या नावाने कापला जातो. रक्कम लहान दिसते, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. प्रत्यक्षात संपूर्ण खेळाचे भवितव्य तीच ठरविते.

सहा खेळाडू प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले आहेत असे समजा. एकूण रक्कम ६,००० रुपये. पॉट सरासरी ५० रुपयांचा होतो आणि त्यातून पाच टक्के, म्हणजे अडीच रुपये कापले जातात. पडद्यावर पाने पिसण्यात वेळ जात नाही, त्यामुळे तासाला साठ डाव सहज होतात. तासाला १५० रुपये कापले गेले, तर चाळीस तासांत सहा हजार रुपये संपतात. रोज चार तास खेळले तर अवघ्या दहा रात्री पुरतात. सहाही जण तुल्यबळ असले, कोणी कोणाला फसविले नाही, दैवानेही पक्षपात केला नाही, तरी दहाव्या रात्रीअखेर सर्व रक्कम खेळ चालविणाऱ्याकडे जाते. त्यांच्यापैकी एखादा खरोखरच कुशल असेल, तर त्यालाही तासाला २५ रुपये इतरांकडून केवळ बरोबरीत राहण्यासाठी जिंकावे लागतात. म्हणजेच थोड्यांच्या प्राप्तीसाठी पुष्कळांचे नुकसान होणे या व्यवस्थेत अटळ आहे.

करांचा भार त्याखेरीज होता. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातील निव्वळ प्राप्तीतून ३० टक्के आयकर मुळातच कापण्याची तरतूद झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळण्यासाठी जमा केलेल्या रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला.

दैवाची लाट

येथवरच्या विवेचनावर एखादा तरुण म्हणेल, 'इतर हरत असतील. माझी वही जमा दाखविते आहे.' हा युक्तिवाद सर्वांत फसवा आहे आणि त्याचे उत्तर संख्याशास्त्रात मिळते.

दहा रुपयांच्या मूळ पैजेवर खेळणारा एक खरोखरच चांगला खेळाडू शंभर डावांमागे सरासरी ५० रुपये मिळवितो असे धरू. परंतु अमर्याद पैजेच्या खेळात चढउतार प्रचंड असतात. शंभर डावांच्या निकालाचे प्रमाण विचलन मूळ पैजेच्या सुमारे नव्वद पट, म्हणजे ९०० रुपयांच्या आसपास असणे ही नेहमीची गोष्ट आहे. दहा हजार डावांनंतर सरासरी प्राप्ती शंभर पट, म्हणजे ५,००० रुपये होते. चढउतार मात्र वर्गमुळाच्या नियमाने दहा पट वाढून ९,००० रुपये होतो. या आकड्यांवरून हिशेब केला, तर एवढा चांगला खेळाडूही दहा हजार डावांअखेर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के निघते.

आता हेच उलट करून पाहावे. शंभर डावांमागे ५० रुपये गमावणारा कच्चा खेळाडू दहा हजार डावांनंतर नफ्यात दिसण्याची शक्यताही तेवढीच, सुमारे २९ टक्के आहे. दहा हजार डाव म्हणजे तासाला साठ या वेगाने रोज दोन तास खेळून जवळजवळ बारा आठवडे. दहा कच्च्या खेळाडूंपैकी सुमारे तीन जण बारा आठवड्यांनंतर स्वतःला कुशल समजत असतात. त्यांचा हिशेब खरा असतो. चुकीचा असतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. निकालातील दैवाचा अंश बराचसा गाळला जाण्यासाठी एक लाखाच्या घरात डाव लागतात. त्याच वेगाने ते पुरे होण्यास सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लोटेल. आपण कच्चे आहोत हे कळेपर्यंत घरचा पैसा कोठे गेलेला असेल, याचा अंदाज कोणासही करता येईल.

जो जिंकतो तो गावभर सांगतो, जो हरतो तो गप्प बसतो. त्यामुळे ऐकू येणाऱ्या कथा यशाच्याच असतात. जाहिरातीतील विजेत्याचे छायाचित्र खोटे नसेलही. त्या छायाचित्रामागे उभ्या असलेल्या शेकडो पराभूतांचे छायाचित्र कोणी काढीत नाही, एवढेच.

भांडवल आणि घर

समान शक्यतेच्या पैजेतही माणूस बुडू शकतो, हे एका साध्या उदाहरणाने दाखविता येते. हाती १०० रुपये आहेत आणि दर वेळी निम्मी रक्कम नाणेफेकीवर लावली जाते. पहिली फेक जिंकली, १५० झाले. दुसरी हरली, ७५ उरले. क्रम उलटा केला तरी १०० चे ५० आणि ५० चे ७५. एक विजय आणि एक पराजय, तरी २५ रुपयांची घट. दहा विजय व दहा पराजय झाले तर शंभरातील सहा रुपयेही हाती राहत नाहीत. म्हणून व्यावसायिक खेळाडू आपल्या भांडवलाचा अगदी लहान अंशच एका वेळी धोक्यात घालतात आणि गमावले तरी घर चालेल अशीच रक्कम वेगळी ठेवतात. ज्याच्याजवळ अशी वेगळी रक्कम नाही, त्याने खेळू नये, असेच या खेळाचे स्वतःचे शास्त्र सांगते.

डॅनियल बर्नुली या स्विस गणितज्ञाने १७३८ मध्येच दाखवून दिले की पैशाचे मोल प्रत्येकाला सारखे नसते. हजार रुपयांची हानी श्रीमंताला जाणवत नाही. बाळहिरडा विकून वर्षाकाठी मिळणाऱ्या रकमेवर मुलांची पुस्तके, औषधे व बियाणे भागविणाऱ्या कुटुंबाला तीच रक्कम गमावणे म्हणजे एका हंगामाची घडी विस्कटणे होय.

शेतकऱ्याचे जीवनही अनिश्चिततेचेच आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याच्या झाडांची हानी केली, ती कोणाच्या चुकीने नव्हे. परंतु शेतातील धोका आणि पॉटमधील धोका यांत मूलभूत फरक आहे. पेरलेल्या भाताचे पुष्कळ दाणे होतात. एकाच्या शेतात चांगले पीक आले म्हणून शेजाऱ्याच्या शेतातील कणसे गळून पडत नाहीत. पॉटमध्ये मात्र सहा जणांनी घातलेल्या रकमेत एक पैसाही वाढत नाही, उलट नाल कापली जाऊन ती घटते.

कायद्याची वाटचाल

जुगाराविरुद्ध या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम आहे. मात्र केवळ कौशल्याच्या खेळांना त्यातून वगळण्यात आले होते. कौशल्य की दैव, हा वाद मुंबई राज्यातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बक्षीस-स्पर्धांसंबंधीच्या चमारबागवाला खटल्यात न्यायालयाने १९५७ मध्ये असा निर्णय दिला की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. त्याच वर्षीच्या संबंधित निकालात, ज्या स्पर्धांतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते त्यांची वेगळी गणना करण्यात आली. पोकरबाबत उच्च न्यायालयांची मते एकसारखी राहिली नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरविले, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी व पोकर हे कौशल्याचे खेळ मानले. महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनोसंबंधी एक कायदा करण्यात आला होता, पण तो अमलात आलाच नाही. तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांना चालना देण्याविषयी व त्यांच्या नियमनाविषयी कायदा संमत केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो, दैवाचा असो वा दोहोंचा, पैसे लावून ऑनलाइन खेळविण्यास हा कायदा मनाई करतो. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यास गुन्हेगार न मानता पीडित मानण्याचे धोरण त्यात आहे. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ पोहोचली व त्यांचे २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले, असा अंदाज केंद्र शासनाने त्या वेळी मांडला. कायदा संमत होताच देशातील प्रमुख कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबविले. कायद्याला न्यायालयात आव्हानही देण्यात आले.

परदेशातून चालणारी संकेतस्थळे व छुपे मार्ग यांमुळे केवळ कायद्याने हा मोह संपेल असे मानता येत नाही. मोहाचे रूपही बदलते. भांडवल बाजार नियामक मंडळाने, म्हणजे सेबीने, २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व पर्याय व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तेथेही चढउतार, दलाली आणि अधिक बलवान प्रतिस्पर्धी हीच तीन कारणे आढळतात.

शाळा आणि ग्रामसभा

शिक्षकांना हा विषय वर्गात एका प्रयोगाने मांडता येईल. पिशवीत ४६ चिंचोके घ्यावेत व त्यांपैकी नऊ रंगवावेत. मुलांनी न पाहता एक चिंचोका काढावा, नोंद करावी व परत टाकावा. रंगीत आला तर वहीत १५० जमा, साधा आला तर ५० खर्ची. पहिल्या दहा खेपांत काही मुले नफ्यात दिसतील आणि आनंदित होतील. शंभर खेपांनंतर संपूर्ण वर्गाचा हिशेब एकत्र केला की खर्चाची बाजू जवळजवळ निश्चितपणे जड दिसेल. त्यानंतर नालेचे अडीच रुपये दर खेपेस वजा करण्यास सांगावे. प्रत्यक्ष पैशांचा उपयोग अर्थातच करू नये. संभाव्यतेचा पाठ आणि जीवनाचा पाठ एकाच तासात होईल.

पंचायत सदस्यांची जबाबदारी थोडी वेगळी आहे. तळेघरचा परिसर अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला गौण वनोपज, मादक पदार्थ आणि आदिवासींना दिली जाणारी सावकारी कर्जे यांबाबत महत्त्वाचे स्थान दिले आहे. पैशांच्या खेळातील तोटा पुष्कळदा कर्जाच्या वाटेने घरात शिरतो. आधी स्वतःची रक्कम, मग उसनवार, मग सावकार किंवा भ्रमणध्वनीवरून तत्काळ मिळणारे कर्ज, असा तो क्रम आहे. म्हणून ग्रामसभेत कर्जाचा विषय निघेल तेव्हा त्यामागे हे कारण आहे का, हे समजुतीने विचारले जावे. हरलेल्या तरुणाची निंदा झाली तर तो तोटा लपवील आणि भरून काढण्यासाठी आणखी खेळेल. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. मनावर ताण आला असल्यास 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन मिळते. ही माहिती ग्रामपंचायत कार्यालयात, शाळेत व आरोग्य केंद्रात ठळकपणे लावता येण्याजोगी आहे.

पोकरमध्ये कौशल्य नाही, असे तरुणांना सांगण्याची गरज नाही. तसे सांगितल्यास ते विश्वासही ठेवणार नाहीत. कौशल्य आहे, पण ते नाल भरून उरेल एवढे असावे लागते. ते आपल्याजवळ आहे की नाही हे कळण्यास वर्षे लागतात आणि तोवर लागणारे भांडवल सामान्य घरात नसते, हे सत्य त्यांना आकड्यांनी पटवून द्यावे. पैज लावावी की डाव सोडावा, हा निर्णय पोकरमध्ये दर डावाला घ्यावा लागतो. त्याच खेळाचे गणित प्रामाणिकपणे मांडले, तर बहुतेकांसाठी पहिल्याच निर्णयाचे उत्तर निघते : या डावाला बसू नये. ऋतुपर्णाने शिकविलेली विद्या नलाला राज्य गेल्यानंतर मिळाली. तळेघरच्या शाळेतील मुलांना ती आधीच मिळू शकते.